दिसायला एकच, मधे 29 मिलिमीटर

पोर्शे 944 टर्बोची मागची दोन चाकं शेजारी शेजारी ठेवली आहेत असं समजा. एक 1986च्या मॉडेलचं, दुसरं 1987च्या. दोन्ही सोळा इंची, दोन्हींची रुंदी आठ इंच. नटांची भोकं दोघांनाही पाच, आणि ती 130 मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर. मधलं मोठं भोक दोन्हीकडे 71.6 मिलिमीटर. विकणाऱ्याने समोरून काढलेल्या फोटोत नवख्या माणसाला यातलं जुनं कोणतं आणि नवं कोणतं हे सांगता यायचं नाही. पण जुनं चाक नव्या गाडीला लावलं की टायर मडगार्डच्या बाहेर डोकावतो, आणि नवं चाक जुन्या गाडीला लावलं की ते थेट आत जाऊन बसतं. फरक बरोबर 29 मिलिमीटरचा.

हे 29 मिलिमीटर आले कुठून, याचा माग काढायला लागलं की गाडीच्या पोटातली सगळी भूमिती एकेक करून समोर येते. जुन्या गाडीला चाकं शोधणाऱ्या माणसाला ती भूमिती शिकावीच लागते, आणि ती इतकी देखणी आहे की गाडी नसलेल्यानेही शिकावी असं मला मनापासून वाटतं.

944 ही 1982 ते 1991 या काळात बनलेली गाडी. जर्मनीतल्या नेकार्सउल्म इथल्या ऑडीच्या कारखान्यात ती जुळवली जायची, आणि अशा दीड लाखाहून जास्त गाड्या बाहेर पडल्या. इंजिन पुढे, गिअरबॉक्स मागच्या चाकांपाशी आणि दोघांना जोडणारी एक जाड नळी, अशी रचना. त्यामुळे वजन पुढे-मागे जवळपास निम्मं निम्मं वाटलं जातं. वळणावर ही गाडी ज्या समतोलाने जाते त्याची आजही वाहवा होते. या गाड्या आता पस्तीस-चाळीस वर्षांच्या झाल्या. मूळ चाकं कुणाची वाकली, कुणाची तडकली, कुणाला आधीच्या मालकाने भलतीच बसवली. मग शोध सुरू होतो, आणि पहिल्याच दिवशी माणूस एका आकड्यापाशी अडतो. तो आकडा म्हणजे ऑफसेट.

चाकाच्या रुंदीचा बरोबर मध्य काढा. आता चाकाचा जो सपाट भाग गाडीच्या हबला, म्हणजे चाक ज्यावर आवळतात त्या फिरत्या भागाला, टेकतो, तो या मध्यापासून किती दूर आहे ते मोजा. ते अंतर म्हणजे ऑफसेट. टेकणारा भाग मध्यापेक्षा बाहेरच्या, म्हणजे रस्त्यावरून दिसणाऱ्या बाजूला असेल तर ऑफसेट धन, आणि चाकाचा बराचसा भाग गाडीच्या आत जातो. आतल्या बाजूला असेल तर ऋण, आणि चाक बाहेर येतं. जर्मन चाकांवर हा आकडा ईटी या अक्षरांपुढे मिलिमीटरमध्ये कोरलेला असतो. 1986च्या त्या चाकावर ईटी 23.3, 1987च्या चाकावर ईटी 52.3.

कोरलेला आकडा गंजाने, रंगाने किंवा घासून गेला असेल तर तो घरच्या घरी काढता येतो. जमिनीवर जुनी चादर पसरा, चाक देखण्या बाजूने पालथं ठेवा. मागच्या काठावर एक सरळ पट्टी आडवी टाका. पट्टीपासून खाली हबला टेकणाऱ्या भागापर्यंत दुसऱ्या पट्टीने खोली मोजा. आठ इंची चाकाची कडेपासून कडेपर्यंतची खरी रुंदी नऊ इंचांच्या आसपास भरते, कारण इंचाचा तो आकडा टायर जिथे बसतो त्या आतल्या मापाचा असतो आणि दोन्हीकडच्या कडा त्याच्या बाहेर असतात. नऊ इंचांचा अर्धा भाग सुमारे 114 मिलिमीटर. जुन्या चाकाची खोली भरेल सुमारे 138, नव्याची 167. या खोलीतून 114 वजा केले की ऑफसेट हातात. सगळा खेळ एका वजाबाकीचा, आणि हजारो रुपयांची चूक वाचते.

इथे थोडं थांबू, कारण 23.3 या आकड्यातला तो पॉइंट तीन मला बरेच दिवस छळत होता. कुठला इंजिनिअर मुद्दाम असा अडनिडा आकडा निवडेल? उत्तर मिळतं पोर्शेच्या थोरल्या गाडीत, 911मध्ये. तिची प्रसिद्ध पाच पाकळ्यांची चाकं ओटो फुक्स या कंपनीने घडीव अॅल्युमिनियमची बनवली. 911 एसवर ती 1966मध्ये आली तेव्हा साडेचार इंच रुंद होती. पुढे गाड्यांची ताकद वाढत गेली तशी चाकंही रुंद होत गेली. त्यातली तीन मापं पाहा: सहा इंच रुंद आणि ईटी 36, सात इंच आणि ईटी 23.3, आठ इंच आणि ईटी 10.6. दर पायरीला ऑफसेट 12.7 मिलिमीटरने कमी होतो, म्हणजे बरोबर अर्ध्या इंचाने. रुंदी एक इंचाने वाढली की मध्यापासून प्रत्येक बाजू अर्धा इंच वाढते. त्याच वेळी ऑफसेट अर्धा इंच कमी केला, तर चाकाची आतली कड होती तिथेच राहते! आत शॉक अॅब्सॉर्बर, ब्रेकचा पाइप, सस्पेन्शनचा हात यांच्याशी जे अंतर होतं ते तसूभरही बदलत नाही, वाढलेला सगळा इंच बाहेरच्या बाजूला जातो. इंच आणि मिलिमीटर या दोन पद्धती एकाच चाकात नांदतात, म्हणून तो पॉइंट तीन. मला हे पहिल्यांदा उमगलं त्या दिवशी मी भेटेल त्या प्रत्येकाला सांगत सुटलो होतो.

यातून एक व्यवहारी गोष्टही निघते. सुरुवातीच्या 944ला 911चं सात इंची, ईटी 23.3चं फुक्स चाक चालतं. तेच 911चं आठ इंची चाक मात्र ईटी 10.6चं, आणि 944 टर्बोचं आठ इंची चाक ईटी 23.3चं. पाकळ्या त्याच, नाव तेच, रुंदी तीच, पण टायर पावणेतेरा मिलिमीटर बाहेर. “फुक्स आठ इंची, उत्तम स्थिती” एवढ्या वर्णनावर पैसे पाठवणाऱ्याला हे चाक घरी आल्यावर कळतं.

आता मूळ प्रश्न. 1987मध्ये पोर्शेने एवढी उलथापालथ का केली? गाडीचा बाहेरचा आकार तोच ठेवून चाकाची सगळी बैठक का हलवली?

कारण होतं ब्रेक. त्या वर्षीपासून 944ला एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, मिळू लागलं, आणि त्यासोबत पुढच्या चाकांची भूमिती बदलली. स्टिअरिंग फिरवल्यावर पुढचं चाक ज्या अक्षाभोवती वळतं तो अक्ष वरून खाली तिरपा येतो. वरचं टोक शॉक अॅब्सॉर्बरच्या माथ्याशी, खालचं टोक चाकाच्या आत असलेल्या बॉल जॉइंटमधून. ही रेघ कल्पनेने तशीच खाली वाढवली तर ती रस्त्याला एका बिंदूत मिळते. टायर रस्त्याला जिथे टेकतो त्या ठशाचाही एक मध्य असतो. या दोन बिंदूंमधलं आडवं अंतर काही मिलिमीटरचंच असतं, पण गाडीचं अर्धं वागणं त्यावर ठरतं. त्याला स्क्रब रेडियस म्हणतात.

दार बिजागरीजवळ ढकललं तर हलता हलत नाही, कडीजवळ ढकललं तर बोटाने उघडतं. इथे बिजागरी म्हणजे तो तिरपा अक्ष, आणि ढकलणारा हात म्हणजे रस्ता. ब्रेक दाबला की रस्ता टायरला मागे ओढतो. ही ओढ अक्षापासून जितकी दूर, तितकी ती चाकाला वळवू पाहते. दोन्ही पुढच्या चाकांना सारखीच ओढ बसली तर डावं-उजवं एकमेकांना रद्द करतात आणि चालकाच्या हाताला काही कळत नाही. पण पावसाळ्यात घाटात गाडीची उजवी चाकं डांबरावर आणि डावी कडेच्या चिखलात असतील तर? उजव्या चाकाला घट्ट पकड मिळते, डावं घसरतं. गाडी आपोआप उजवीकडे फिरू लागते.

अशा वेळी टायरच्या ठशाचा मध्य अक्षाच्या बाहेर असेल, तर उजव्या चाकावरची जोरदार ओढ त्या चाकाला आणखी उजवीकडे वळवते. गाडी आधीच तिकडे चालली आहे, त्यात ही भर. उलट ठशाचा मध्य अक्षाच्या आत असेल, तर तीच ओढ त्याच चाकाला डावीकडे वळवते. म्हणजे गाडी उजवीकडे झुकत असताना रस्ताच स्टिअरिंगला थोडं डावीकडे वळवतो, चालकाला भान येण्याच्या आधी. संगणक नाही, सेन्सर नाही, नुसती एक रेघ कुठे टेकते त्यावर हे सारं. ठशाचा मध्य आत असण्याच्या या मांडणीला ऋण स्क्रब रेडियस म्हणतात. 1972च्या ऑडी 80ने ती साध्या कुटुंबाच्या गाडीत आणली होती. एबीएस तर पुढच्या प्रत्येक चाकाचा ब्रेक वेगवेगळा सोडतं आणि धरतं, दर सेकंदाला अनेकदा, म्हणजे डाव्या-उजव्या ओढीत सतत फरक. तिथे ही मांडणी फार उपयोगी पडते.

पण अक्ष बाहेर न्यायचा तर बॉल जॉइंट बाहेर न्यावा लागतो. तो आणि त्यासोबत ब्रेकची डिस्क, हब, सगळं चाकाच्या पोटात आणखी खोल शिरतं. त्यांना जागा द्यायची तर चाकाचं पोट खोल करायचं, टेकणारा भाग बाहेर ढकलायचा. म्हणजेच ऑफसेट वाढवायचा. पुढचं बदललं तसं मागचंही जुळवून घेतलं, आणि 23.3चा 52.3 झाला. चाकाच्या मागच्या बाजूला कोरलेला तो आकडा म्हणजे चिखलाने माखलेल्या रस्त्यावर गाडी सरळ थांबावी म्हणून घेतलेल्या एका निर्णयाची खूण आहे.

म्हणून 1987नंतरच्या गाडीला जुनी, कमी ऑफसेटची चाकं लावणं मला पटत नाही, मडगार्डची कड आत वळवून टायर घासण्याचं टाळलं तरीही. टायरचा ठसा 29 मिलिमीटर बाहेर गेला की ऋण असलेला स्क्रब रेडियस धन होतो. एबीएस असलेल्या गाडीत ज्या कामासाठी ती भूमिती आखली, तेच काम उलटं होऊन बसतं. शिवाय गाडीचं वजन बेअरिंगवर ज्या रेषेत पडायचं ती रेषाही बाहेर सरकते, आणि बेअरिंग लवकर गुणगुणू लागतात.

उलट बाजूचा उपाय आहे: जुन्या गाडीला नवी चाकं लावायची आणि मधली तूट स्पेसरने भरून काढायची. स्पेसर म्हणजे हब आणि चाक यांच्यामध्ये बसणारी अॅल्युमिनियमची जाड चकती. 28-29 मिलिमीटरचा स्पेसर लावला की चाक मूळ जागी येतं आणि भूमिती शाबूत राहते. पण चकती चांगल्या बनावटीची हवी, मधे 71.6चं भोक आणि त्याच मापाचा उंचवटा असलेली. हबमधून निघणारे आट्यांचे दांडे, म्हणजे स्टड, हेही त्या प्रमाणात लांब हवेत. नट स्टडवर किमान स्टडच्या व्यासाइतका तरी आत शिरला पाहिजे. चार आटे पकडून “बसलं” म्हणणाऱ्याकडून गाडी ताबडतोब परत घ्यावी.

आता त्या पाच भोकांकडे वळू. 1964च्या 911पासून आजच्या 911पर्यंत पोर्शेने भोकांचं हे 130 मिलिमीटरचं वर्तुळ टिकवून ठेवलं आहे. साठ वर्षं! मध्ये इंजिन हवेवरून पाण्यावर आलं, चाकं पंधरा इंचांवरून एकवीस इंचांवर गेली, पण वर्तुळ तेच. पाच भोकांचं वर्तुळ मोजणं मात्र फसवं असतं, कारण कुठल्याही भोकाच्या बरोबर समोर दुसरं भोक नसतं. युक्ती सोपी आहे: शेजारच्या दोन भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजा आणि 1.7ने गुणा. 130च्या वर्तुळात हे अंतर 76.4 मिलिमीटर येतं.

हे तुम्ही तुमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्येही करून पाहू शकता. स्कोडा ऑक्टेव्हियाचं वर्तुळ 112 मिलिमीटरचं, ह्युंदाई क्रेटाचं 114.3चं, म्हणजे साडेचार इंचांचं. शेजारच्या भोकांमधलं अंतर एकीकडे 65.8, दुसरीकडे 67.2. फरक दीड मिलिमीटरहूनही कमी! क्रेटाचं चाक ऑक्टेव्हियाला लावून बघितलं तर ते हबवर चढतंसुद्धा, बोल्ट जोर लावून आवळलेही जातात. एक-दोन बोल्ट नीट बसतात आणि बाकीचे तिरके. अशी गाडी रस्त्यावर जाता कामा नये. टायरच्या दुकानात नुसतं “पाच भोकी” म्हणून अलॉय विकत घेणाऱ्यांनी हा दीड मिलिमीटर लक्षात ठेवावा. 130चं वर्तुळ आपल्याकडे दुर्मिळ आहे, पण पहिल्या पिढीच्या ऑडी क्यू-7च्या चाकांकडे पाहा. तिथे हेच 130 आणि हेच 71.6 भेटेल, कारण ती गाडी पोर्शे कायेनची चुलत बहीण.

मधल्या 71.6च्या भोकाचं काम वेगळं. हबचा उंचवटा त्या भोकात अलगद बसतो आणि चाक बरोबर मध्यावर धरतो. भोक मोठं असेल तर चाक नटांच्या आधाराने कसंबसं मध्यावर येतं, आणि ताशी ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरू लागतं. बॅलन्सिंगवाला कितीही शिसं चिकटवो, ही थरथर जात नाही, कारण चाक संतुलितच आहे, फक्त ते चुकीच्या मध्याभोवती फिरतंय. त्यासाठी प्लास्टिकच्या किंवा अॅल्युमिनियमच्या कड्या मिळतात, भोकाचं माप भरून काढणाऱ्या. भोक हबपेक्षा लहान असेल तर मात्र प्रश्नच संपला, चाक बसणारच नाही.

आणि नट. चाक गाडीला स्टडवर लटकलेलं असतं असा बहुतेकांचा समज असतो. प्रत्यक्षात ते दोन सपाट पृष्ठभाग एकमेकांवर इतक्या जोराने दाबलेले असतात की घर्षणानेच चाक जागचं हलत नाही. स्टडचं काम फक्त ताणलं जाणं. 944चे स्टड 14 मिलिमीटरचे, आणि त्यांचा नट 130 न्यूटन-मीटरला आवळायचा असतो. ढोबळ हिशेब केला तर एका नटाखाली सुमारे साडेचार टनांचा दाब तयार होतो. पाच नटांखाली मिळून बावीस-तेवीस टन! गाडीचं वजन सव्वा टन. तुमच्या हातातल्या पान्याने लावलेल्या जोरातला जेमतेम दहावा हिस्सा या ताणात उतरतो, बाकीचा आट्यांच्या आणि नटाच्या बुडाच्या घर्षणात जातो. म्हणूनच आट्यांना तेल लागलं आणि पान्यावर तोच आकडा ठेवला, तर दाब भलताच वाढतो आणि स्टड ताणून मरतो. टॉर्क रेंच ही चैनीची वस्तू नाही.

दाब कुठे पडतो तेही बघावं लागतं. पोर्शेच्या नटाचं बूड गोलाईचं असतं, चेंडूचा तुकडा कापून लावल्यासारखं, आणि चाकातली खोबणही तशीच गोलाईची. बाजारातल्या बऱ्याचशा अलॉय चाकांची खोबण शंकूसारखी सरळ उताराची. गोल नट शंकूच्या खोबणीत बसवला तर तो एका बारीक रेघेवरच टेकतो. तो साडेचार टनांचा दाब त्या रेघेवर आला की मऊ अॅल्युमिनियम दबतं, दाब कमी होतो, आणि नट सैल. हे बाहेरून दिसत नाही. जुना नट उलटा करून त्याच्या बुडावरची चकाकी पाहा. गोलाईभर एकसारखा रुंद पट्टा चकाकत असेल तर ठीक. केसाएवढी बारीक चकाकणारी रेघ दिसली तर नट आणि चाक एकमेकांचे नाहीत.

टायरच्या मापांबद्दल फार लिहीत नाही, त्यावर बरंच लिहिलं गेलं आहे. पण एक हिशेब सांगितल्यावाचून राहवत नाही. 944 टर्बोला पुढे 205/55 आर 16 आणि मागे 225/50 आर 16 असे टायर होते. पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा म्हणजे टायरची उंची त्या रुंदीच्या किती टक्के. पुढच्या टायरची उंची 205चे 55 टक्के, दोन्हीकडे धरून 225.5. त्यात सोळा इंचांचे 406.4 मिळवा: 631.9 मिलिमीटर व्यास. मागच्याचा व्यास येतो 631.4. मागचा टायर 20 मिलिमीटर रुंद, तरी व्यासात अर्ध्या मिलिमीटरचा फरक! एबीएस असलेल्या गाडीत हे फार महत्त्वाचं. एबीएस चारही चाकांच्या फिरण्याची सतत तुलना करत असतं. एखादं चाक अचानक हळू फिरू लागलं की ते लॉक होतंय असं ते धरतं. व्यास जुळवून घेतले नाहीत तर गाडीला सरळ रस्त्यावरही संशय येत राहील. सतरा इंची चाकांवर पुढे 225/45 आणि मागे 255/40 घेतले तर व्यास 634 आणि 636 येतात. म्हणून ही जोडी 944वाल्यांच्या तोंडी असते.

सगळे आकडे जुळले तरी एक गोष्ट कुठेच कोरलेली नसते: चाकाच्या पाकळ्यांची आतली गोलाई. 944 टर्बोला ब्रेम्बोचे चार पिस्टनचे कॅलिपर होते, साध्या 944पेक्षा बरेच जाड. व्यास, रुंदी, ऑफसेट, भोकं सगळं बरोबर असलेलं चाकही पाकळी आत वळलेली असेल तर कॅलिपरला घासतं. यावर जुना उपाय अजून चालतो. मुलांच्या खेळातल्या मातीचे छोटे गोळे कॅलिपरवर दोन-तीन ठिकाणी चिकटवायचे, चाक नुसतं दोन नटांवर लावायचं, हाताने एक फेरा फिरवायचं, मग काढून गोळे किती चपटे झाले ते मोजायचं. तीन मिलिमीटर माती उरली तर मला समाधान वाटतं. तेच गोळे मडगार्डच्या आतल्या कडेला आणि शॉक अॅब्सॉर्बरच्या नळीवर लावायचे, गाडी जॅकवरून खाली घ्यायची आणि स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं. मागे दोन माणसं बसवून पुन्हा एकदा.

वापरलेली चाकं घेताना वय विसरू नका. अॅल्युमिनियमला लोखंडासारखं गंजाचं भय नसलं तरी त्याला थकवा येतो. वळण घेताना बाजूने लागणारा जोर चाकाला वाकवू पाहतो, आणि चाक फिरत असल्याने तो वाक दर फेऱ्याला चाकाभोवती एकदा फिरून येतो. एका किलोमीटरमध्ये 944चं चाक पाचशेच्या आसपास फेरे घेतं. पुण्याच्या वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या संस्थेत चाकांची तपासणी याच तत्त्वावर होते: हबच्या बाजूने वाकवणारा जोर लावून चाकाला लाखो फेरे द्यायचे आणि तडा जातो का पाहायचं. तडा बहुतेकदा पाकळी हबला मिळते त्या वळणात किंवा नटाच्या भोकाशी सुरू होतो. विकत घेण्याआधी ती जागा साबणाने स्वच्छ धुऊन, तिरप्या उजेडात बघावी. ताज्या रंगाचं, नुकतंच चकाचक केलेलं चाक असेल तर रंगाखाली काय बुजवलंय ते विचारावं. वेल्डिंग केलेली पाकळी मी कुठल्याही किमतीला घेणार नाही. कडेला वाकलेला भाग तापवून सरळ करणारे कसबी लोक आहेत आणि तो मान्य होण्यासारखा उपाय आहे, पाकळीचं तसं नाही.

नव्याने बनवलेली चाकं घेणार असाल तर मागच्या बाजूच्या खुणा वाचा. जर्मनीत मान्यता मिळालेल्या चाकावर केबीए आणि त्यापुढे पाच आकडी क्रमांक ओतलेला असतो. त्या क्रमांकाच्या कागदात ते चाक कोणत्या गाडीच्या कोणत्या वर्षाला, कोणत्या टायरसह चालतं हे लिहिलेलं असतं. वजनाच्या मर्यादेचा आकडाही त्यात सापडतो. खुणा नसलेलं चाक स्वस्त पडतं, आणि ते स्वस्त का पडतं याचं उत्तर फारसं गूढ नाही.

चाकं मिळाली की आधी हबचा पृष्ठभाग तारेच्या ब्रशने घासून घ्या. चाळीस वर्षांचा गंज तिथे पापुद्र्यासारखा चिकटलेला असतो. दोन धातूंमध्ये तो पापुद्रा दबून राहिला तर पहिल्या काही किलोमीटरमध्ये तो चुरडतो आणि नटांचा ताण कमी होतो. मग चाक लावून नट ताऱ्याच्या आकृतीत, एक सोडून एक, आधी हाताने, मग अर्ध्या जोराने, शेवटी 130ला आवळा. पन्नास-शंभर किलोमीटर चालवून गाडी थंड झाल्यावर पुन्हा टॉर्क रेंच फिरवा. अलाइनमेंट करून घ्या, कारण आधीच्या मालकाने चुकीच्या चाकांना जुळवण्यासाठी कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, वाकडा करून ठेवलेला असण्याची शक्यता बरीच. आणि पहिल्या पावसात, मागेपुढे वाहन नसलेला मोकळा रस्ता पाहून, डावी चाकं मातीच्या कडेवर ठेवत हलक्या वेगात एकदा ब्रेक दाबून बघा, स्टिअरिंग हातात सैल धरून.